ईसीजी पॅचसाठी प्रोसेसर निवडताना: एका सेकंदाचा हिशोब

छातीला चिकटवायचा, एका लीडचा (हृदयाचा विद्युत संकेत एकाच बाजूने पाहणारा), सात दिवस न थांबता ईसीजी नोंदवणारा पॅच बनवायचा असेल, तर प्रोसेसरची निवड डेटाशीटच्या पहिल्या पानावरून करू नका. त्या पानावर 'दर मेगाहर्ट्झला इतके मायक्रोॲम्पिअर' असा आकडा ठळक छापलेला असतो. आकडा खोटा नसतो, पण तो प्रोसेसर जागा असतानाचा असतो. फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) नीट लिहिलेले असेल तर पॅचमधला प्रोसेसर सेकंदातले पाच-सहा मिलिसेकंद जागतो आणि उरलेला वेळ झोपतो. झोपेत तो किती खातो, किती वेळा उठतो आणि प्रत्येक उठण्याला किती मोजतो, यावरच सात दिवसांचे गणित जमते किंवा फसते.

पुढचे सगळे आकडे एकाच उपकरणाचे आहेत: एक लीड, सात दिवस, संपूर्ण नोंद पॅचमध्येच साठवायची, आणि शंकास्पद ठोका दिसला तर ब्लूटूथवरून फोनला कळवायचे. मनगटावरच्या घड्याळात प्रकाशाने नाडी मोजतात, तिथे एलईडीच सर्वाधिक वीज खातो. हा हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नका.

आधी कागदावर पाच उत्तरे लिहा

लीड किती? दिवस किती? संपूर्ण नोंद हवी की फक्त ठोक्यांचा दर? ठोके ओळखण्याचे काम पॅचमध्ये करायचे की नंतर संगणकावर? बॅटरी एकदा वापरून टाकायची की चार्ज करायची? ही उत्तरे लिहिण्याआधी चिपची नावे घेण्यात अर्थ नाही.

फक्त ठोक्यांचा दर हवा असेल तर काम फारच सोपे होते. मॅक्स ३०००३ सारख्या ईसीजी फ्रंट एंडमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडचा संकेत टिपणाऱ्या चिपमध्ये, दोन आर-शिखरांमधले (ठोक्यांच्या उंच टोकांमधले) अंतर मोजण्याची सोय आतच आहे. प्रोसेसरला दर ठोक्याला एकदाच उठावे लागते, आणि साधा कॉर्टेक्स-एम०+ हा लहान प्रोसेसर त्याला पुरून उरतो.

संपूर्ण नोंद हवी असेल तर संकेताचे स्वरूप लक्षात घ्या. क्यूआरएसची (ठोक्याच्या उंच, टोकदार लाटेची) उंची साधारण १ मिलिव्होल्ट असते, आणि इलेक्ट्रोड व त्वचा यांच्यामुळे येणारा स्थिर व्होल्टेज ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. ताल तपासण्यासाठी ०.५ ते ४० हर्ट्झ पुरतात. निदानाच्या दर्जाच्या ईसीजीला ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतात. एसटी भागाचा (क्यूआरएसनंतरच्या सपाट भागाचा) चढउतार वाचायचा असेल तर खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झपर्यंत न्यावी लागते. मग बेसलाइन (ईसीजीची पायारेषा) हलण्याचा त्रास वाढतो आणि गाळणीचे कामही.

सॅम्पलिंगसाठी बरेच जण सवयीने सेकंदाला २५० सॅम्पल्स धरतात. आपण २५६ धरू. घड्याळाचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा असतो. त्याला २५६ ने भागले की नेमके १२८ टिक येतात, २५० ने भागले की १३१.०७२. अपूर्णांक आला की सॅम्पलमधले अंतर कमीजास्त होते, किंवा वेगवान टायमर सतत चालू ठेवावा लागतो आणि तो शेकडो मायक्रोॲम्पिअर खातो. सेकंदाला २५६ सॅम्पल्स म्हणजे दोन सॅम्पलमध्ये ३.९ मिलिसेकंद. तालासाठी हे पुरेसे आहे. ठोक्यांतल्या सूक्ष्म चढउतारांचा अभ्यास करायचा असेल तर ५१२ घ्या किंवा शिखराभोवती इंटरपोलेशन करा.

बॅटरीचा आकडा

सीआर२०३२ या बटण सेलची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास असते. त्यातले ७० टक्केच आपले समजा, म्हणजे १५४. सात दिवस म्हणजे १६८ तास. भागाकार केला की सरासरी ०.९२ मिलिॲम्पिअर मिळतात. चौदा दिवसांसाठी हाच आकडा ०.४६ होतो.

सरासरीत बसलो म्हणून निर्धास्त राहू नका, कारण बटण सेल सरासरीपेक्षा झटक्याने मरतो. नव्या सेलचा अंतर्गत रोध काही दहा ओहमच्या घरात असतो आणि सेल संपत आला की तो आणखी वाढतो. ३० ओहमच्या सेलमधून २० मिलिॲम्पिअर ओढले की ०.६ व्होल्ट तिथेच गेले. सेल २.५ व्होल्टवर आलेला असेल तर प्रोसेसरला त्या क्षणी १.९ व्होल्ट मिळतात. एनआरएफ५२८३२ (या हिशोबात धरलेला, ब्लूटूथ आत असलेला प्रोसेसर) किमान १.७ व्होल्टवर चालतो, पण बाजूची ३ व्होल्टची फ्लॅश मेमरी २.७ व्होल्टच्या खाली चालेल याची हमी नसते. म्हणून बटण सेल वापरणार असाल तर मेमरी १.८ व्होल्टची घ्या, आणि सेलला समांतर ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती कधी कधी झोपलेल्या प्रोसेसरपेक्षा जास्त असते. तो टाळा.

प्रोसेसरच्या आधी फ्रंट एंड

प्रोसेसरने किती वेळा उठायचे हे त्याच्या शेजारची ईसीजी चिप ठरवते. तीन प्रातिनिधिक पर्याय पाहू.

एडी८२३२ स्वतः सुमारे १७० मायक्रोॲम्पिअर खाते आणि ॲनालॉग संकेत देते. डिजिटल रूपांतर प्रोसेसरच्या एडीसीला करावे लागते. शिकण्यासाठी ती उत्तम आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तिचे तयार बोर्ड मिळतात, पण अशा बोर्डांवर बहुधा एलईडी असतो. वीज मोजण्यापूर्वी तो काढा.

एडीएस१२९२आर मध्ये दोन चॅनल, २४ बिटचा एडीसी आणि श्वास मोजण्याची सोय आहे. एका चॅनलला सुमारे ३३५ मायक्रोवॅट लागतात. संकेताचा दर्जा सुरेख आहे. अडचण अशी की तिच्यात फिफो (सॅम्पल्स रांगेत साठवणारी छोटी मेमरी) नाही. प्रत्येक सॅम्पल तयार झाले की ती प्रोसेसरला हाक मारते, आणि नऊ बाइट लगेच वाचावे लागतात.

मॅक्स ३०००३ मध्ये एक चॅनल आणि ३२ नोंदींचा फिफो आहे. १.१ व्होल्टवर ती सुमारे ८५ मायक्रोवॅट खाते. सोळा सॅम्पल्स साठली की हाक मारायला सांगितले, तर प्रोसेसर सेकंदाला सोळाच वेळा उठतो.

फरक आकड्यांत पाहा. एनआरएफ५२८३२ जागा असताना ३ व्होल्टवर, डीसी-डीसी (व्होल्टेज काटकसरीने उतरवणारा कन्व्हर्टर) चालू ठेवून, सुमारे ३.७ मिलिॲम्पिअर घेतो. उठणे, वाचणे आणि परत झोपणे यांना ६० मायक्रोसेकंद धरले, तर फिफो नसताना २५६ वेळा उठण्याचे १५.४ मिलिसेकंद होतात, म्हणजे सरासरी ५७ मायक्रोॲम्पिअर. फिफो असताना एका वेळच्या वाचनाला १६० मायक्रोसेकंद लागतात. सोळा वेळांचे २.६ मिलिसेकंद, म्हणजे साडेनऊ मायक्रोॲम्पिअर. प्रोसेसर तोच, काम तेच, खर्च एक षष्ठांश. प्रोसेसर बदलून एवढी बचत क्वचितच होते.

एका सेकंदाची वही

सेकंदाला १ मायक्रोकूलोम म्हणजेच सरासरी १ मायक्रोॲम्पिअर. त्यामुळे सगळा खर्च एका सेकंदाच्या हिशोबात मांडता येतो. आपल्या पॅचची वही, मायक्रोॲम्पिअरमध्ये, अशी दिसते:

- फ्रंट एंड, त्याच्या रेग्युलेटरसह: १००
- फिफो वाचणे: १०
- क्यूआरएस ओळखणे: ७
- झोपेतला प्रोसेसर, आरटीसी (झोपेतही चालणारे घड्याळ) आणि रॅम टिकवून: २
- मेमरीत लिहिणे: ६
- ब्लूटूथ, सेकंदाला एक भेट: १५
- बॅटरी मोजणारा विभाजक, संरक्षण, गळती: ५

बेरीज १४५. सात दिवसांत २४ मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास. सीआर२०३२ ला हे सहज झेपते. लहान सेल घेऊन पॅच पातळ करता येतो, किंवा दिवस चौदा करता येतात.

या वहीत प्रोसेसरच्या नावावर १०, ७ आणि २ मिळून १९ आहेत, एकूण खर्चाच्या सुमारे १३ टक्के. क्यूआरएसचे ७ कसे आले तेही पाहा. जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांची १९८५ सालची पद्धत आजही पायाभूत मानली जाते: ५ ते १५ हर्ट्झची गाळणी, उतार काढणे, वर्ग करणे, चालती सरासरी आणि बदलती उंबरठा-पातळी. पूर्णांकांत लिहिली तर एका सॅम्पलला साधारण ५०० सायकल्स धरायला हरकत नाही. २५६ सॅम्पल्सचे १ लाख २८ हजार सायकल्स, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झवर दोन मिलिसेकंद.

वाचन आणि गणित मिळून प्रोसेसर सेकंदाला तीन लाखांच्या आसपास सायकल्स खर्च करतो. म्हणजे सरासरी काम ०.३ मेगाहर्ट्झचे. मेगाहर्ट्झला ५८ मायक्रोॲम्पिअर घेणारी चिप काढून ६ घेणारी बसवली, तर १७ च्या जागी २ होतील. १४५ मधले १५ वाचले, दहा टक्के. त्यासाठी नवी टूलचेन (प्रोग्रॅम बनवण्याची साधने) शिकायची का, हा निर्णय आता डोळसपणे घेता येतो. सरासरी काम १ मेगाहर्ट्झच्या खाली असेल तर पहिल्या पानावरचा आकडा विसरा. ते ५ मेगाहर्ट्झच्या वर जात असेल, म्हणजे न्यूरल नेटवर्क सतत चालवायचे असेल किंवा लीड अनेक असतील, तर मात्र तोच आकडा निर्णायक ठरतो.

उमेदवार

एनआरएफ५२८३२: कॉर्टेक्स-एम४एफ, ६४ मेगाहर्ट्झ, ५१२ केबी फ्लॅश, ६४ केबी रॅम, ब्लूटूथ आतच. आरटीसी आणि पूर्ण रॅम टिकवून झोपेत सुमारे १.९ मायक्रोॲम्पिअर. आपल्या पॅचसाठी पहिली पसंती हीच. उदाहरणे, मॉड्यूल आणि मोजमापाची साधने मुबलक आहेत, आणि एकाच चिपमध्ये रेडिओ असल्याने बोर्ड लहान होतो. रॅम अपुरी पडत असेल तर २५६ केबी रॅमचा एनआरएफ५२८४० घ्या.

अपोलो३ ब्लू: कॉर्टेक्स-एम४एफ, ४८ मेगाहर्ट्झ, गरजेला ९६, ३८४ केबी रॅम, मेगाहर्ट्झला सुमारे ६ मायक्रोॲम्पिअर. यातले ट्रान्झिस्टर नेहमीच्या उंबरठा-व्होल्टेजच्या आसपास किंवा त्याखाली चालवतात, बचत तिथून येते. पॅचमध्येच न्यूरल नेटवर्क चालवायचे असेल तर हिचा विचार आधी करा.

एसटीएम३२एल४ आणि एसटीएम३२यू५: यांत ब्लूटूथ नाही, पण ॲनालॉग भाग भक्कम आहे. एल४ स्टॉप २ या झोपेच्या अवस्थेत आरटीसीसह सुमारे १.४ मायक्रोॲम्पिअर घेते. यू५ मध्ये कॉर्टेक्स-एम३३ आहे, आतला स्विचिंग रेग्युलेटर वापरला तर मेगाहर्ट्झला सुमारे १९.५, आणि प्रोसेसर झोपलेला असतानाही डीएमएने (डेटा परस्पर हलवणाऱ्या भागाने) डेटा गोळा करता येतो. एडीएस१२९२आर सारखी फिफो नसलेली चिप वापरणे भागच असेल, तर ही सोय सोन्याच्या मोलाची आहे.

एमएसपी४३०एफआर५९६९: १६ बिट, १६ मेगाहर्ट्झ, ६४ केबी एफरॅम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी). एफरॅममध्ये लिहिण्याआधी पुसावे लागत नाही. रेडिओ नसलेल्या, फक्त नोंद ठेवणाऱ्या होल्टरसाठी चांगली. रॅम मात्र २ केबीच आहे.

ईएसपी३२ इथे घेऊ नका. लाइट स्लीपमध्येच ती सुमारे ०.८ मिलिॲम्पिअर खाते. सात दिवसांत एवढ्या झोपेतच १३४ मिलिॲम्पिअर-तास जातात आणि सेल जवळपास संपतो. वायफाय चालू झाले की करंट शंभर मिलिॲम्पिअरच्या पलीकडे जातो, ते बटण सेलला झेपत नाही.

एम०+ की एम४, हा प्रश्न वारंवार येतो. एम०+ मध्ये भागाकाराचे हार्डवेअर नाही आणि दोन १६ बिट गुणाकार-बेरजा एका झटक्यात करणाऱ्या सूचनाही नाहीत. नुसत्या क्यूआरएससाठी तो चालतो. ठोक्यांचे प्रकार ओळखायचे असतील तर एम४ घ्या. तो काम लवकर उरकून लवकर झोपतो, आणि एकूण खर्च बहुधा कमीच येतो.

मेमरी: इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो

१६ बिटची सॅम्पल्स साठवली तर सेकंदाला ५१२ बाइट, सात दिवसांत सुमारे ३१ कोटी बाइट. २ गिगाबिटच्या नँड (फ्लॅश मेमरीचा एक प्रकार) चिपमध्ये साधारण २६.८ कोटी बाइट मावतात, म्हणजे नोंद बसत नाही. १२ बिटचे सॅम्पल करून दोन सॅम्पल्स तीन बाइटमध्ये ठेवली, तर सेकंदाला ३८४ बाइट आणि सात दिवसांत २३.२ कोटी. आता खराब ब्लॉक वगळूनही बसते. दर्जा खालावेल ही भीती अनाठायी आहे. एका पायरीला २.५ मायक्रोव्होल्ट धरले तर १२ बिटमध्ये अधिक-उणे ५ मिलिव्होल्ट मावतात. एमआयटी-बीआयएचचा प्रसिद्ध ॲरिथमिया संग्रह १० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात ११ बिटने नोंदलेला आहे.

नॉर या दुसऱ्या प्रकारची फ्लॅश वापरायचा मोह होतो, कारण ती हाताळायला सोपी असते. पण तिची पुसण्याची किंमत पाहा. ४ केबीचा सेक्टर पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद आणि १५ ते २० मिलिॲम्पिअर लागतात, म्हणजे सुमारे ८०० मायक्रोकूलोम. आपल्या वेगाने दर पावणेअकरा सेकंदांना एक सेक्टर भरतो. नुसत्या पुसण्याचेच सेकंदाला ७५ मायक्रोकूलोम झाले, साऱ्या प्रोसेसरच्या चौपट. नँडमध्ये १२८ केबीचा ब्लॉक दोनेक मिलिसेकंदांत पुसला जातो. शिवाय पॅच चिकटवण्याआधी, डॉकवर असतानाच, सगळी मेमरी पुसून ठेवता येते.

नँडची खोड वेगळी. ती नुसती चालू ठेवली तरी दहा ते पन्नास मायक्रोॲम्पिअर खाऊ शकते. उपाय असा: रॅममध्ये १६ केबी साठेपर्यंत नँडची वीज लोड स्विचने तोडा. दर ४३ सेकंदांना ती चालू करा, २,०४८ बाइटची आठ पाने सलग लिहा, पुन्हा बंद करा. म्हणजे साठवणीसाठी १६ केबी, लिहिणे चालू असताना येणाऱ्या सॅम्पलसाठी थोडी जागा, ब्लूटूथ स्टॅकचा वाटा आणि संशयास्पद ठोक्याभोवतीची दहा-वीस सेकंदांची पट्टी, एवढी रॅम हवी. ६४ केबी पुरतात; ३२ केबीत ओढाताण होते. नँड बंद असताना तिच्या एसपीआय पिना (डेटा जोडणीच्या) ग्राउंडला बांधा, नाहीतर प्रोसेसरच्या पिनांमधून ती अर्धवट जिवंत राहते.

प्रत्येक पानावर अनुक्रमांक आणि सीआरसी (चूक पकडणारा पडताळणीचा आकडा) लिहा. मध्येच सेल निखळला तरी शेवटच्या पूर्ण पानापर्यंतची नोंद वाचली पाहिजे. त्या नोंदीत एखाद्याचा एकमेव बेताल झटका असू शकतो.

घड्याळ

२० पीपीएमच्या (दहा लाखांत २० चूक असलेल्या) क्रिस्टलने आठवड्यात जास्तीत जास्त १२ सेकंदांची चूक होते. प्रोसेसरच्या आतला आरसी ऑसिलेटर ५०० पीपीएमचा धरला तर पाच मिनिटे. फ्रंट एंड स्वतःच्या अंतर्गत ऑसिलेटरवर चालत असेल आणि त्याची चूक अर्धा टक्का असेल, तर सॅम्पल्स मोजून काढलेली वेळ आठवड्यात पन्नास मिनिटांनी सरकते. रुग्णाने 'दुपारी तीनला छातीत धडधडलं' असे सांगितले आणि डॉक्टर नोंदीत तीनची वेळ शोधू लागले, तर दिसणारा भाग भलताच असेल. म्हणून ३२,७६८ हर्ट्झचा एकच क्रिस्टल ठेवा आणि त्याचेच घड्याळ फ्रंट एंडलाही द्या. मॅक्स ३०००३ ला ते बाहेरून द्यावेच लागते. ब्लूटूथलाही क्रिस्टलचा फायदा होतो: घड्याळ अचूक असले की रेडिओला भेटीच्या वेळेआधी फार लवकर कान उघडावे लागत नाहीत.

मोजायचे कसे

साधा मल्टिमीटर इथे फसवतो. मायक्रोॲम्पिअरच्या पट्टीत त्याचा आतला रोध शंभर ओहमच्या आसपास असू शकतो. रेडिओने ५ मिलिॲम्पिअर ओढले की अर्धा व्होल्ट मीटरमध्येच पडतो आणि बोर्ड रीसेट होतो. पॉवर प्रोफायलर किट २, जूलस्कोप किंवा ओटी आर्क यांपैकी एक घ्या. पहिला सर्वांत स्वस्त आहे, सेकंदाला एक लाख नमुने घेतो आणि या कामाला पुरतो.

एक गोष्ट निक्षून सांगायची. मोजमापाचे साधन लॅपटॉपला आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना इलेक्ट्रोड माणसाच्या छातीला लावू नका. ईसीजी सिम्युलेटर वापरा. तो नसेल तर सिग्नल जनरेटरचा १ व्होल्ट, १ मेगाओहम आणि १ किलोओहमच्या विभाजकातून १ मिलिव्होल्ट करून द्या.

क्रम असा ठेवा. आधी नुसता प्रोसेसर, सर्व काही बंद, आरटीसी चालू: दोन-तीन मायक्रोॲम्पिअर दिसले पाहिजेत. दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मग फ्रंट एंड चालू करा, मग फिफोचे वाचन, मग गणित, मग मेमरी, शेवटी रेडिओ. प्रत्येक पायरीचा आकडा वहीतल्या ओळीशी ताडून पाहा. शेवटी बोर्ड ३५ अंशांवर ठेवून पुन्हा मोजा. डेटाशीटमधले झोपेचे आकडे २५ अंशांचे असतात, पॅच मात्र अंगाच्या उबेत राहतो आणि उबेबरोबर गळती वाढते.

बिघाड आणि त्यांची मुळे

झोपेत दोन-तीन मायक्रोॲम्पिअर अपेक्षित असताना अर्धा ते एक मिलिॲम्पिअर दिसतो: बहुतेक वेळा डीबगसाठीचा युआर्ट (सिरियल पोर्ट) ऐकत बसलेला असतो. तो बंद करूनही फरक पडला नाही तर प्रोग्रॅमर काढा आणि बोर्डची वीज तोडून पुन्हा द्या, कारण चिप डीबग अवस्थेत अडकून राहते.

काही काळ सगळे ठीक, मग अचानक प्रोसेसर झोपतच नाही: एनआरएफ५२ मध्ये दशांशाच्या गणितानंतर एफपीयूचा (ते गणित करणाऱ्या भागाचा) इंटरप्ट, म्हणजे हाक, प्रलंबित राहिला तर असे होते. झोपण्यापूर्वी एफपीयूचे स्टेटस बिट आणि तो प्रलंबित इंटरप्ट दोन्ही पुसा.

वीसेक मायक्रोॲम्पिअर जास्त: फ्रंट एंडच्या हाकेसाठी पिनवरचा बदल 'जास्त अचूक' पद्धतीने टिपला जात असेल. त्यासाठी वेगवान घड्याळ चालू राहते. पोर्ट इव्हेंटची पद्धत वापरा.

जागेपणीचा खर्च बरोबर दुप्पट: डीसी-डीसी चालूच केलेला नाही. एनआरएफ५२८३२ एलडीओवर (साध्या रेग्युलेटरवर) ३.७ ऐवजी सुमारे ७.४ मिलिॲम्पिअर घेतो. बोर्डवर कॉइल लावणे आणि फर्मवेअरमध्ये तो चालू करणे, दोन्ही लागते.

फोन जोडला की ईसीजीत खंड पडतो: हा बिघाड शोधायला दिवस जातात. पेअरिंगची माहिती आतल्या फ्लॅशमध्ये साठवताना एक पान पुसले जाते. एनआरएफ५२८३२ मध्ये याला ८५ ते ९० मिलिसेकंद लागू शकतात आणि तेवढा वेळ प्रोसेसर थांबतो. फिफोत ३२ नोंदी. सोळाव्याला हाक मारली तर उरलेल्या सोळा ६२.५ मिलिसेकंदांत भरतात आणि फिफो उतू जातो. पेअरिंग नोंद सुरू होण्याआधीच उरकून घ्या. ते शक्य नसेल तर आठव्या सॅम्पलला हाक मारा म्हणजे ९४ मिलिसेकंद मिळतात. एनआरएफ५२८४० मध्ये पान तुकड्यातुकड्याने पुसायची सोयही आहे.

ईसीजीवर बारीक, नियमित लाटा: त्यांची वारंवारता मोजा. ५० हर्ट्झ असेल तर घरातल्या विजेची. नेमकी १६ हर्ट्झ असेल तर ती तुमच्याच प्रोसेसरची, कारण तो सेकंदाला सोळा वेळा उठून पुरवठ्याला धक्का देतो. ही क्यूआरएसच्या पट्ट्याला लागूनच असल्याने गाळणीने काढता येत नाही, काढायला गेलो तर क्यूआरएसच बोथट होतो. फ्रंट एंडला स्वतंत्र एलडीओ द्या, मध्ये फेराइट बीड आणि १० मायक्रोफॅरड ठेवा, रेडिओच्या करंटची परतीची वाट इलेक्ट्रोडच्या पायांखालून जाऊ देऊ नका.

टेबलावर उत्तम, छातीवर ब्लूटूथ तुटते आणि खर्च वाढतो: शरीरातले पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषते आणि अँटेनाची जुळणी बिघडवते. पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावे लागते. अँटेना त्वचेपासून जमेल तितका दूर, बोर्डच्या बाहेरच्या कडेला ठेवा आणि मिठाच्या पाण्याच्या पिशवीवर पॅच ठेवून तपासा.

दोन-तीन दिवसांनी बेसलाइन भरकटते: घाम. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होते. इलेक्ट्रोडच्या दोन पायांमध्ये ओलाव्याची वाट तयार होते. त्या भागावर कोटिंग हवे, आणि त्याआधी फ्लक्स पूर्ण धुतलेला हवा.

चिप पक्की करण्याआधी

निवडलेल्या चिपचा पुरवठा किती वर्षे चालेल, याची उत्पादकाने दिलेली लेखी मुदत पाहा. वैद्यकीय उपकरणाची मान्यता मिळवून झाल्यावर चिप बदलली तर चाचण्यांचा मोठा भाग पुन्हा करावा लागतो. भारतात विक्रीसाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली परवाना लागतो, आणि रेडिओसाठी डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) ईटीए ही मंजुरी. आयईसी ६०६०१-२-४७ हे चालत्याफिरत्या ईसीजीचे मानक आणि आयईसी ६२३०४ हे सॉफ्टवेअरचे, ही दोन्ही पहिल्या दिवसापासून टेबलावर असू द्या. पहिल्या आवृत्तीला मान्यता मिळालेले रेडिओ मॉड्यूल वापरले तर बरेच श्रम वाचतात.

ठोके ओळखण्याची परीक्षा एमआयटी-बीआयएच संग्रहावर घ्या. ४७ व्यक्तींच्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० सॅम्पल्स. त्या २५६ वर आणा आणि संगणकावर न तपासता प्रत्यक्ष चिपमध्ये भरून तपासा, म्हणजे पूर्णांकांतल्या गणितातल्या चुकाही सापडतात. संशोधकांची पद्धत अशी: कृत्रिम पेसमेकरच्या चार नोंदी वगळतात, पहिली पाच मिनिटे शिकण्यासाठी सोडतात आणि १५० मिलिसेकंदांच्या आत जुळलेला ठोका बरोबर धरतात. मग त्याच नोंदींत इलेक्ट्रोड हलल्याचा गोंगाट मिसळून पुन्हा चालवा. गोंगाटात खोटे ठोके वाढले की खोट्या सूचना वाढतात, रेडिओ जास्त वेळा बोलतो, आणि वहीतले ब्लूटूथचे १५ कुठल्या कुठे जातात.

शेवटी तीन पॅच घ्या. एकात नवा सेल, एकात अर्धा वापरलेला, एकात २.५ व्होल्टवर आलेला. तिन्ही सिम्युलेटरला जोडून ३५ अंशांवर १६८ तास चालवा. पूर्ण झाल्यावर मेमरीतल्या सॅम्पल्सची संख्या मोजा: १६८ तासांना १५ कोटी ४८ लाख २८ हजार ८०० हवीत. एकही कमी असेल तर पानांच्या अनुक्रमांकांवरून ती कोणत्या क्षणी गळली ते शोधा, आणि त्या क्षणी प्रोसेसर काय करत होता ते पाहा.